वडाला बांधलेली कंटकी

सत्यभामा गेली हे मला राजापेठेतल्या दुकानावर कळलं. मी लग्नाचे हार बांधत होतो. नवरदेवाचा झाला होता, नवरीचा अर्ध्यावर आला होता. नत्थुजी समोर येऊन उभे राहिले. नत्थुजी म्हणजे माझ्या मेहुण्याचे, भगवंतरावांचे अकोल्यातले शेजारी. त्यांना मी अमरावतीत कधी पाहिलं नव्हतं. हातात पिशवी नव्हती. परगावाहून माणूस पिशवी न घेता येतो तेव्हा तो कशाला आलेला असतो हे काही समजावून सांगावं लागत नाही, आणि मला समजलंच असणार, कारण मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं नाही. मी विचारलं, "कोनत्या गाडीनं आले?" ते म्हणाले, "पयल्या. किसनराव, दुकान बंद करा." मी म्हणालो, "एवढा हार होऊ द्या." ते फळीवर बसले. मी हार बांधत राहिलो. शेवंती, मधे गुलाब, पुन्हा शेवंती. लग्नघरचा माणूस न्यायला येणार होता हे खरं, पण मी त्याच्यासाठी बांधत नव्हतो. हात चालू होते तोवर ती गोष्ट नत्थुजींच्या तोंडातच होती, बाहेर आली नव्हती. मी कधी नव्हे एवढ्या जवळ जवळ गाठी मारल्या. फुलं संपली तेव्हा दोरा दातानं तोडला, आणि ते म्हणाले, "बाई गेल्या. सकाळीच." मी तो हार ओल्या फडक्यात गुंडाळून शेजारच्या पानवाल्याकडं दिला आणि लग्नाचं माणूस आलं की दे म्हणून सांगितलं. नंतर मला पुष्कळदा वाटलं, त्या नवरीच्या गळ्यात तो हार पडला असेल. तिला कोणी काही सांगितलं नसेल.

अकोल्याला पोचलो तेव्हा भगवंतरावांच्या दारात माणसं जमली होती. मी उतरल्याबरोबर एकानं विचारलं, "फुलं आनले ना?" तो सहज बोलला. फुलवाल्याच्या बायकोला फुलं फुलवालाच आणणार. राजापेठेत कोणी मेलं की आधी माणूस माझ्याकडं येतो. कोणाला किती हार लागतील, गुलाल पाहिजे की नको, मला विचारूनच घेतात. आणि मी रिकाम्या हातानं गाडीत बसून आलो होतो. मग कोणाला तरी बाजारात धाडलं. जो हार आला तो ढिला होता. फुलाला फूल टेकत नव्हतं, मधून दोरा दिसत होता. तिला उचलली तेव्हा मी तिच्या तोंडाकडं पाहण्याऐवजी त्या दोऱ्याकडं पाहत होतो. कावीळ तिच्या कपाळापर्यंत चढली होती. झेंडूच्या पिवळ्यात ती पिवळी दिसत होती, आणि मला वाटत होतं की हा हार कोणी बांधला, त्याला दोरा ओला करून घ्यायचं माहीत नाही का. असं वाटलं म्हणून मला लाज वाटली. पण वाटायचं थांबलं नाही.

तिला अकोल्याला तिच्या भावानं, म्हणजे भगवंतरावांनी, नेलं होतं. कावीळ उतरवणारा एक जाणता त्यांच्या ओळखीचा होता, आणि नाही उतरली तर मोठा सरकारी दवाखाना जवळ. आधी जाणत्याचं झालं, मग दवाखान्याचं. मी एकदा भेटायला गेलो. लग्नसराई होती. दुपारी गेलो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत निघालो. तिनं अडवलं नाही. उशाशी मोसंबी सोलून ठेवली होती, तिनं त्यातली अर्धी मला खायला लावली. "तिकडं जेवता का नाही?" म्हणाली. "जेवतो." "कोन करते?" "मीच करतो." "मंग नाहीच जेवत," म्हणाली आणि हसली. हसताना तिचे दात फार मोठे दिसले. मग मी उठलो तेव्हा म्हणाली, "त्या कंटकीचं तेवढं राह्यलं." मी म्हणालो, "कोनाचं?" "कंटकीचं. पोट्टे वाट पाहून राह्यले असतील. त्याईले सांगजा, सोडवली म्हना." मी विचारलं, "कोनं?" तेव्हा शेजारच्या खाटेवरची बाई ओकायला लागली, तिच्या घरचं माणूस भांडं शोधत धावलं, मी भिंतीला सरकलो. त्या गडबडीत सत्यभामेनं डोळे मिटले. मला गाडी धरायची होती. मी म्हणालो, "बरं, सांगतो." तिनं मान हलवली. तेवढंच झालं. तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं माझ्याबद्दल नव्हतं, घराबद्दल नव्हतं. एका चेटकिणीबद्दल होतं.

ही चेटकीण पुस्तकातली. डोमाजी मास्तर प्रौढांचा वर्ग चालवायचे, त्यात सत्यभामा लिहाय-वाचायला शिकली होती. वर्गात बाकी बाया सही करण्यापुरतं शिकून थांबल्या. ही थांबली नाही. मास्तरांनी तिला शाळेच्या कपाटातली पोरांची पुस्तकं वाचायला आणून दिली, कारण त्यांचा टाईप मोठा असतो. 'काचगडच्या गोष्टी' नावाचे ते सहा भाग होते. आमच्या गल्लीतल्या शाळेत जाणाऱ्या सगळ्या पोरांना त्यातली नावं पाठ होती. राजपुत्र, त्याचा लंगडा घोडा, बोलणारी साळुंकी, काचेचा किल्ला. पोरं राजपुत्र होत, कोणी साळुंकी होई. कंटकी कोणी होत नसे. ती दुसऱ्या भागात आहे, तीही थोडीच पानं. माळावर एक वड आणि वडाखाली विहीर. विहिरीचं पाणी जो पिईल तो घरची वाट विसरेल, आणि कंटकीला तिथं बसवलेली आहे, येणाऱ्याला पाणी द्यायला. कोणी बसवली ते पुस्तकात नाही. राजपुत्राची माणसं तहानलेली येतात, ती पाणी देते, ती वाट विसरतात. राजपुत्र पीत नाही. तो तिचे केस वडाच्या पारंब्यांना बांधतो. ती म्हणते, मी काय करू, मला हेच काम दिलं आहे. तो म्हणतो, येताना सोडीन. आणि पुढं जातो. येताना त्याच्या घोड्याला पंख फुटलेले असतात. तो आभाळातून घरी जातो. वड, विहीर, माळ, काही खाली राहिलं का, याचा शब्द नाही.

हे सत्यभामेच्या लक्षात आलं. सहावा भाग संपवला त्या दिवशी तिनं सगळे भाग पुन्हा काढले आणि एकेक पान चाळलं. मी अंगणात फुलं भिजवत होतो. ती म्हणाली, "आयकता का, हा तं आलाच नाही तिच्याकडं." मी म्हणालो, "कोन?" "राजपुत्र. येतानी सोडीन म्हने." मी म्हणालो, "पुस्तकातलं असते ते." ती म्हणाली, "पानी तं देल्लं ना तिनं. तान लागल्यावर पानी देल्लं, अन् बांधून ठेवलं तिलेच." मग तिनं पुस्तकं मिटली. पण त्यानंतर संध्याकाळी पोरं आली की राजपुत्राची गोष्ट होईना. कंटकीची होऊ लागली. पुस्तक संपल्यावर वडाखाली काय काय झालं ते ती सांगायची. कोण मेंढपाळ आला, त्यानं तिला पाणी पाजलं, आणि तिला घरच नव्हतं म्हणून ती काही विसरली नाही. कोणते पक्षी केसांत घरटं करून गेले. केस वाढले, पारंब्या वाढल्या, आणि एकमेकांत अशा गुंतल्या की केस कोणता आणि मूळ कोणतं ते कंटकीलाही कळेना. पोरांनी विचारलं, "दुखते का तिले?" सत्यभामा म्हणाली, "ओढलं तं दुखते. कोनी ओढत नाही म्हनून बरं आहे." हे मी घरात असताना कानावर पडलं म्हणून मला माहीत आहे. मी कधी बसून ऐकलं नाही. ती कंटकीचा आवाज काढायची, जाड आणि थकलेला, तेव्हा मी मोरीकडं जाऊन पाणी सोडायचो. गल्लीत आवाज जाऊ नये म्हणून.

गल्लीत तो गेलाच. माणिकबाईची शकुन तापानं फणफणली आणि तापात वड, केस असं काही बरळली. माणिकबाई दारात येऊन उभी राहिली, आत आली नाही. "बाई, माह्या पोरीले चेटकिनीच्या गोष्टी नको सांगत जाऊ," म्हणाली. "तुले लेकरू नाही, तुले नाही समजाचं." सत्यभामा म्हणाली, "बरं." मी खाटेवर होतो. मी पण बरं म्हटलं असावं, किंवा काहीच म्हटलं नसेल. आमच्या लग्नाला इतकी वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता, आणि तशा बाईच्या घरात चेटकीण हा शब्द कोणी उंबऱ्यावरून बोलून गेलं की तो जात नाही, भिंतीला राहतो. काही दिवस पोरं आली नाहीत. मग शकुनच पहिली आली, बरी होऊन, केसांना तेल लावून. "पुढचं सांग," म्हणाली. सत्यभामेनं माझ्याकडं पाहिलं. मी दुकानाकडं निघालो होतो.

दहाव्याला आम्ही मोर्णा नदीच्या घाटावर गेलो. माझे केस काढले होते, ऊन टाळूवर लागत होतं. भटजींनी पिंड मांडले, आम्ही मागं सरून उभे राहिलो. समोर बाभळीवर कावळे होते. एक खाली उतरला, पिंडापर्यंत चालत आला, मान वाकडी करून पाहिलं आणि उडून पुन्हा फांदीवर बसला.  मग भगवंतराव पुढं झाले, हात जोडून म्हणाले, "अक्का, भाऊजीईले आमी अंतर देनार नाही. शिव." कावळा बसून राहिला. तिचा चुलतभाऊ म्हणाला, "तुही तुळस सुकू देनार नाही." मागून कोणी तरी म्हणालं, "तिकडं वरच्या अंगाले दुसऱ्याचा दहावा होता, पोटं भरले असतील लेकाचे." एकदोघं हसले. भटजी माझ्याकडं पाहून म्हणाले, "यजमान, मनात काही राहिलं असेल बाईंच्या, तर बोला. मोठ्यानं बोला." मी म्हणालो, "तुह्या नावानं पानपोई लावीन." ती काही पाणपोई मागून गेली नव्हती, मला ठाऊक होतं. कावळ्यानं पंख झाडले. मग भगवंतराव माझ्या कानाशी आले. "भाऊजी, वाईट नका मानू. दुसरी करनार नाही म्हना. बाईमानसाचं तेच असते." मी ते लगेच म्हणून टाकलं. इतक्या लवकर म्हटलं की भगवंतरावांनीच माझ्याकडं वळून पाहिलं. कावळा आला नाही. एक म्हातारा हळू बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "लेकरात जीव अडकला असंल. त्याले आता काय बोलावं."

मला माहीत होतं काय बोलावं. ते माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. कंटकीला सोडवतो, पोरांना सांगतो. तेवढंच. एका दमात झालं असतं. पण ते कळायला आधी सांगावं लागलं असतं की कंटकी कोण. चेटकीण आहे, पुस्तकातली आहे, लहान पोरांच्या. आणि मला दिसत होतं, घाटावरची सगळी माणसं पुस्तक विसरतील आणि एक शब्द घरी नेतील. बाईला मूल नव्हतं. कावळा शिवेना. नवऱ्यानं चेटकिणीचं नाव घेतलं तेव्हा शिवला. संध्याकाळपर्यंत तिच्या माहेरच्या आळीत हेच झालं असतं. मी तिचं नाव जपतो आहे, असं मी मनाला सांगितलं आणि तोंड मिटून उभा राहिलो. ऊन चढत गेलं. कोणाला कामावर जायचं होतं, कोणाला अकोटची गाडी गाठायची होती. माणसं पाय बदलत होती. भटजींनी दर्भ मागितला, त्याचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि म्हणाले, "चला, झालं." सगळे मोकळे झाल्यासारखे नदीत उतरले. मी पण उतरलो. पाणी गुडघ्यालाही नव्हतं. मी वळून पाहिलं तर तो कावळा अजून बाभळीवरच होता. पिंडाकडं पाहत नव्हता. दुसरीकडंच पाहत होता, कावळे पाहतात तसा.

तिचं नाव जपलं हे खरं नाही. घरी येऊन बसल्यावर ते कळलं. मी माझं नाव जपत होतो. चार माणसांत उभं राहून पोराटोरांच्या पुस्तकातलं बोलणारा फुलवाला, असं मला व्हायचं नव्हतं. ती तो आवाज काढायची तेव्हा मी मोरीतलं पाणी सोडायचो, तसंच घाटावर केलं. फरक एवढाच की मोरीतलं पाणी तिला ऐकू जात होतं.

अमरावतीला परतलो त्याच्या दुसऱ्या संध्याकाळी पोरं आली. आधी फाटकाबाहेर घुटमळली. मग शकुन आत आली, तिच्यामागून बाकीची. सगळी माझ्या डोक्याकडं पाहत होती. एक बारकं म्हणालं, "काकाजीचं टक्कल कसं चमकून राह्यलं." शकुननं त्याला चिमटा काढला. ती जोत्यावर बसली, सत्यभामेसमोर बसायची त्याच जागी, आणि म्हणाली, "काकाजी, काकूनं पुढचं सांगतलं का तुमाले?"

"सांगतलं," मी म्हणालो.

"काय?"

"सोडवली म्हने. कंटकीले सोडवली."

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. शकुन वाट पाहत होती. मग म्हणाली, "कोनं?"

"राजपुत्रानं."

"तो तं उडून गेला," शकुन म्हणाली. रागानं नाही, चुकलेलं गणित दाखवावं तशी. "काकूनंच दाखवलं होतं. तो खाली पाहतच नाही."

"मंग साळुंकीनं."

"साळुंकीच्या चोचीनं येवढे केस सुटतीन का? अन् मुळं?"

बारकं म्हणालं, "काकाजीले काहीच मालूम नाही. चाल वं."

पोरं गेली. शकुन फाटकापाशी थांबली आणि म्हणाली, "आठवलं की सांगजा." तिला वाटत होतं की मी ऐकलं आहे आणि विसरलो आहे. मी तिला तसंच वाटू दिलं.

डोमाजी मास्तर भेटायला आले ते सुटीच्या दिवशी. शाळेची तपासणी होती, पुस्तकं परत हवी होती, पण ते मागायला त्यांना जड जात होतं, म्हणून बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत बसले. मीच पुस्तकं काढून समोर ठेवली. त्यांनी हाताळली. "बाई म्हनत होत्या, याच्यात चूक राह्यली हाय," ते म्हणाले. "मले तं कधी दिसली नाही. येवढ्या वर्सापासून पोराईले वाचून दाखवतो." मग दहाव्याचं विचारलं. मी सांगितलं, कावळा शिवला नाही. ते म्हणाले, "आमी ते सोडून देल्लं छप्पनले, दीक्षा घेतली तवा. आता आमच्यात कावळ्याले कोनी इचारत नाही." मग पुस्तकांची चवड नीट करत म्हणाले, "माय गेली तवा मातर मी झाडाकडं पाह्यलं होतं. सवय." मला तेव्हा सांगावंसं वाटलं. त्यांना समजलं असतं, त्यांनीच तर पुस्तकं दिली होती. कंटकी कोण हे त्यांना सांगावंही लागलं नसतं. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. ते पाणी प्याले, पुस्तकं बगलेत धरली आणि दुसरा भाग काढून परत खाटेवर ठेवला. "हा राहू द्या," म्हणाले. "फाटला म्हनून सांगीन." त्यांना वाटलं मला आठवण म्हणून पाहिजे. मी नको म्हणालो नाही.

ती पानं मी दुकानात, गिऱ्हाईक नसताना वाचतो. माझं वाचन सत्यभामेएवढं चांगलं नाही, शब्दावर बोट ठेवावं लागतं. कोणी समोर आलं की पुस्तक फुलांच्या टोपलीखाली सरकवतो. परवा लिलीची जुडी सोडताना दोरा गुंतला. माझे हात आपोआप चालतात अशा वेळी. गुंता ओढायचा नाही. ओला करायचा, बोटांत ढिला धरायचा, टोक कुठं आहे ते शोधायचं नाही, मधूनच एक पदर सैल करायचा, मग दुसरा होतो. दोऱ्याला जमतं ते केसांना जमेल, ओल्या मुळांनाही जमेल, विहीर जवळच आहे. आणि मला एकदम सुचलं की त्या माळावर एक माळी येऊ शकतो. घाईचा नसलेला. तो विहिरीचं पाणी पिणार नाही, केसांवर घालील, आणि बसेल. दिवस लागतील, पण सोडवील. शकुनला हे पटलं असतं. बोटं कशी चालतात ते मला तिला दाखवताही आलं असतं. मी दुकान लवकर बंद केलं आणि घराकडं निघालो, आणि इर्विन चौकापर्यंत येईतो माझे पाय हळू झाले. तो माळी कोण हे शकुन विचारणार. नाही विचारलं तरी मला माहीत असणार. अकोल्याच्या दवाखान्यात अर्धी मोसंबी खाऊन संध्याकाळच्या गाडीत बसलेला माणूस गोष्टीत मात्र माळावर बसून राहतो, दिवसच्या दिवस. लग्नसराईत. हे मी तिच्या पोरांना सांगायचं, तिच्या जोत्यावर बसून. सत्यभामेला तिथं कोणी यायला पाहिजे होतं हे खरं, पण जो आला नाही त्यानं आलो म्हणून सांगावं असं तिनं म्हटलं नव्हतं.

शकुन अजून येते. रोज नाही. येते, जोत्यावर बसते, फुलं निवडू लागते, विचारत नाही. कधी कधी माझ्याकडं पाहते तेव्हा मी आत जातो. मोर्णेवर मी पुन्हा गेलो नाही. भगवंतराव बोलावतात, वर्षश्राद्ध आलं आहे, या वेळी कावळा शिवेल म्हणतात. मी येतो म्हणालो आहे. तिथं काय बोलायचं ते मला ठाऊक आहे. ते मी अजून कोणापुढं बोललेलो नाही, आणि कंटकीला कोणी सोडवलं ते पोरांना सांगायचं राहिलं आहे.